मुक्या जिवांची साक्ष : प्रदूषके आणि प्राण्यांतील नर-प्रजननक्षमता

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठात बर्लिंग्टन आणि लिंडमन या दोन संशोधकांनी लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांच्या नर पिलांना काही आठवडे डीडीटी टोचले आणि त्याचा वृत्तांत १९५० साली प्रसिद्ध केला. नर पिलू वयात येऊ लागले म्हणजे त्याच्या डोक्यावर लालभडक तुरा उभा राहतो आणि गळ्याखाली लाल झालर लोंबू लागते. डीडीटी दिलेल्या पिलांचे तुरे खुरटेच राहिले. त्यांची वृषणे तपासली, तेव्हा ती निरोगी पिलांच्या वृषणांच्या जेमतेम १८ टक्के आकाराची भरली. या रसायनाचा परिणाम स्त्री-संप्रेरकासारखा होत असावा, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढणाऱ्या पॉल म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. जगभर त्या पांढऱ्या भुकटीचा जयजयकार चालू असताना कोंबड्याच्या तुऱ्याकडे कोण पाहणार?

मी इतिहासाचा शिक्षक आहे. जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला पुराव्याविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय असते. पुरावा केव्हा उपलब्ध झाला? तो कोणाच्या हाती होता? ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती, त्याच्यापर्यंत तो केव्हा पोचला? आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलामुलींपैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारणी केली आहे. काही माजी विद्यार्थी आज रासायनिक कारखान्यांत पाळीवर जातात. पर्यावरणातील विषांचा प्राण्यांच्या नरांवर काय परिणाम होतो, हा विषय म्हणूनच या स्मरणिकेत मांडावासा वाटला.

प्रथम शरीराची रचना थोडक्यात पाहू. वृषणाची दोन कामे असतात. पहिले शुक्राणू तयार करण्याचे आणि दुसरे टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक तयार करण्याचे. ही कामे वेगवेगळ्या पेशी करतात. शुक्राणू एका दिवसात तयार होत नाही. मूळ बीजपेशीचे विभाजन होत होत शेपटी असलेला शुक्राणू घडण्यास बैलात सुमारे दोन महिने आणि माणसात सुमारे अडीच महिने लागतात. या काळात त्याला पोसणाऱ्या दाई-पेशी असतात. त्यांना शास्त्रज्ञांच्या नावावरून सर्टोली पेशी म्हणतात. एक दाई ठरावीक संख्येचीच लेकरे सांभाळू शकते. महत्त्वाची गोष्ट अशी की, या दाई-पेशींची संख्या गर्भावस्थेत आणि वयात येण्यापूर्वीच निश्चित होते. प्रौढपणी विषबाधा झाली आणि मूळ बीजपेशी शिल्लक असल्या, तर नुकसान पुष्कळदा भरून येते. गर्भात किंवा अंड्यात असताना झालेली हानी मात्र जन्मभर सोबत राहते, आणि ती नर मोठा होईपर्यंत कोणाला दिसतही नाही.

विषे दोन मार्गांनी घात करतात. काही रसायने थेट बीजपेशींनाच मारतात. दुसऱ्या प्रकारची रसायने कोणालाच मारत नाहीत. ती शरीराच्या निरोपांत गोंधळ घालतात. संप्रेरक ही किल्ली मानली, तर पेशीवरील ग्राहक हे तिचे कुलूप. काही रसायनांचा आकार असा असतो की ती कुलपात शिरतात, पण कुलूप उघडत नाहीत. खऱ्या किल्लीला मात्र आत जाऊ देत नाहीत. डीडीटी शरीरात गेल्यावर त्याचे डीडीई नावाच्या पदार्थात रूपांतर होते. हे डीडीई पुरुष-संप्रेरकाचे कुलूप अशाच रीतीने अडवून धरते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. सिराक्यूजच्या पिलांना पंचेचाळीस वर्षे झाल्यानंतर त्यांच्या खुरट्या तुऱ्याचे असे आणखी एक स्पष्टीकरण हाती आले.

प्रयोगशाळेत टोचून दिलेल्या औषधाची गोष्ट वेगळी आणि उघड्या निसर्गातील गोष्ट वेगळी, असा आक्षेप कोणी घेईल. त्यासाठी फ्लोरिडा राज्यातील अपॉपका सरोवराकडे जावे लागेल.

ऑरलँडो शहराजवळचे हे सरोवर विस्ताराने सुमारे १२५ चौरस किलोमीटर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची निकड भासली, तेव्हा त्याच्या उत्तरेकडील सुमारे २० हजार एकर दलदल बांध घालून कोरडी करण्यात आली. काळीभोर, कुजलेल्या पाल्याची ती जमीन; भाजीपाला जोमाने येऊ लागला. त्याबरोबर फवारणीही आली. डीडीटी, डायल्ड्रिन, टॉक्साफीन ही सारी क्लोरीनयुक्त कीटकनाशके त्या मातीत वर्षानुवर्षे मुरत राहिली आणि शेतांतील पाणी उपसून पुन्हा सरोवरात सोडले जात राहिले. भरीस भर म्हणून १९८० साली काठावरच्या टॉवर केमिकल कंपनीच्या सांडपाण्याच्या तळ्यातून डायकोफॉल हे कीटकनाशक सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यात वाहून आले. डायकोफॉल हे डीडीटीपासूनच बनवले जाते, आणि या मालात डीडीटी व त्याचे भाईबंद मोठ्या प्रमाणात मिसळलेले होते.

या सरोवरात ॲलिगेटर जातीच्या मगरी राहतात. पुढील काही वर्षांत तेथील लहान मगरींची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. फ्लोरिडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ लुई गिलेट यांच्याकडे हा प्रश्न आला, तो मुळात विषाचा म्हणून नव्हे. मगरींच्या कातड्याचा व्यवसाय वाढवण्यासाठी निरनिराळ्या सरोवरांतील अंडी गोळा करावयाची होती आणि अपॉपकाची अंडी उबत नव्हती, एवढेच निमित्त. गिलेट यांनी तुलनेसाठी वुडरफ नावाचे त्या मानाने स्वच्छ सरोवर घेतले. अपॉपकाच्या तरुण नर मगरींच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वुडरफच्या नरांच्या तुलनेत एक-तृतीयांशाहूनही कमी आढळले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर त्यांचे शिश्न सरासरी २४ टक्क्यांनी आखूड आणि टेस्टोस्टेरॉन ७० टक्क्यांनी कमी असल्याचे नमूद आहे.

या मगरींवर कोणी फवारणी केली नव्हती. मग विष त्यांच्यापर्यंत पोचले कसे? ही रसायने पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. सरोवराच्या पाण्यात ती नाममात्रच असतात. पाण्यातील सूक्ष्म जिवांत त्याहून अधिक, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत आणखी अधिक, मोठ्या माशांत त्याहीपेक्षा अधिक, आणि मासे खाऊन तीस-चाळीस वर्षे जगणाऱ्या मगरीत सर्वाधिक. मादी अंडे घालते तेव्हा तिच्या चरबीतला हा साठा पिवळ्या बलकात उतरतो. मगरीच्या पिलाचे लिंग अंड्याच्या उबेवर ठरते. साधारण ३३ अंश सेल्सिअसला नर आणि ३० अंशांच्या आसपास मादी. त्या नाजूक काळातच बलकातले विष गर्भाला मिळते. आईने पिलासाठी साठवलेल्या शिदोरीतच ते कालवलेले असते. वर ज्या दाई-पेशींचा उल्लेख केला, त्यांची घडण याच काळातली.

अपॉपकाची हकिकत येथे थांबत नाही, आणि मला जे सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे आहे. सरोवर वाचवण्यासाठी शासनाने काठावरची शेते मोठ्या रकमा मोजून विकत घेतली. १९९८ साली शेती बंद झाली. मालकांना मोबदला मिळाला. त्या जमिनीवर पाणी सोडण्यात आले. १९९८-९९च्या हिवाळ्यात तेथे मासे टिपण्यासाठी पक्ष्यांचे थवे उतरले आणि पांढरे पेलिकन, करकोचे, बगळे असे शेकडो पक्षी मेले. मातीतले जुने विष माशांतून त्यांच्या अंगात गेले होते. पक्ष्यांच्या मृत्यूची चौकशी झाली, अवयवांची तपासणी झाली, आणि ते योग्यच होते.

परंतु त्याच मातीत दशकानुदशके गुडघे टेकून भाजी काढणारे जे शेतमजूर होते, त्यांचे काय? त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते; हैती आणि मेक्सिकोतून आलेलेही होते. शेती बंद झाली तेव्हा सुमारे अडीच हजार मजुरांचे काम गेले. मगरी तपासल्या, पक्षी तपासले, आमच्या रक्तात काय आहे ते कोणी तपासणार की नाही, असा प्रश्न त्यांनी आपल्या संघटनेमार्फत वारंवार विचारला. शासनाकडून तसा सर्वंकष अभ्यास झाला नाही. पुढे या मजूर स्त्रियांनी मृत सहकाऱ्यांच्या आठवणीसाठी कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवल्या. एकेक चौकोन एकेका माणसाचा. ज्यांच्या नोंदी कोणत्याही दप्तरात नाहीत, त्यांचा इतिहास असाच गोधडीच्या टाक्यांतून वाचावा लागतो. हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अपॉपकात प्राण्यांची साक्ष निदान जाहीर झाली. ती दडून राहिली तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे डीबीसीपी हे रसायन. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा नाश करण्यासाठी शेल आणि डाऊ या दोन बलाढ्य कंपन्यांनी १९५० नंतरच्या दशकात ते बाजारात आणले. ‘नेमॅगॉन’ हे त्याचे एक विक्रीनाम. शेल कंपनीने कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका विषशास्त्रज्ञाकडून उंदरांवर प्रयोग करवून घेतले. १९५८ सालच्या त्यांच्या गोपनीय अहवालात उंदरांची वृषणे आकसल्याची नोंद होती. हवेच्या दहा लाख भागांत या वाफेचे अवघे पाच भाग असतानाही परिणाम दिसत होता. १९६१ साली हे निष्कर्ष एका शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आले. म्हणजे पुरावा उपलब्ध होता. तो कंपनीच्या कपाटात होता आणि ग्रंथालयातही होता. पिंपे भरणाऱ्या कामगाराच्या हाती मात्र तो नव्हता.

कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात हे रसायन तयार होत असे. १९७७ साली तेथील कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली. या विभागात काम करू लागल्यापासून बहुतेकांच्या घरी पाळणा हललेला नव्हता. त्यांनी स्वतःहून वीर्यतपासणीचा आग्रह धरला. डॉ. डोनाल्ड व्होर्टन आणि सहकाऱ्यांनी नसबंदी न झालेल्या २५ कामगारांना तपासले. १४ जणांत शुक्राणू एक तर अजिबात नव्हते किंवा फार थोडे होते. जितकी वर्षे काम अधिक, तितका परिणाम अधिक. आणखी एक बाब त्या अहवालात आहे, ती नीट लक्षात घेण्याजोगी आहे : या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन सर्वसाधारण होते. वृषणातील बीजपेशी नष्ट झाल्या होत्या, संप्रेरक बनवणाऱ्या पेशी शाबूत होत्या. त्यामुळे दाढीमिशा, आवाज, अंगातील ताकद, वैवाहिक संबंध, कशातच उणीव नव्हती. बाहेरून पाहून कोणालाही शंका येणे शक्य नव्हते.

मूल होत नाही म्हटले की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे जाते. ती उपासतापास करते, तिच्या तपासण्या होतात, पुष्कळदा तिच्यावर सवत आणण्याची भाषा होते. धडधाकट दिसणाऱ्या मुलाची तपासणी करावी, असे सुचवले तरी घरात भूकंप होतो. लॅथ्रॉपच्या २५ पुरुषांचा दाखला अशा घरात अवश्य सांगावा. पुरुषत्व आणि शुक्राणूंची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वीर्यतपासणी ही अत्यंत साधी तपासणी आहे, आणि ती पत्नीच्या तपासण्यांच्या आधी किंवा निदान बरोबर व्हावी. डॉक्टरांना आपण फवारणीचे किंवा कारखान्यातील कोणते काम किती वर्षे करतो, हेही आपणहून सांगावे; ते विचारतीलच असे नाही.

लॅथ्रॉपचा बोभाटा झाल्यावर पीच फळाच्या उत्पादकांच्या एका संघटनेने अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाला पत्र पाठवले. वंध्यत्व एवढाच प्रश्न असेल, तर ज्यांना आता मुले नको आहेत अशा कामगारांनी हे काम स्वेच्छेने करावे, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र विनोदाने लिहिलेले नव्हते. घातक काम कोणी करावे हे ठरवताना कामाचा धोका कमी न करता ‘योग्य’ माणूस शोधावयाचा, ही विचारसरणी आपल्या देशात तर फारच जुनी आहे.

१९७९ साली अमेरिकेने हवाईतील अननसाचा अपवाद सोडून या रसायनाचा वापर थांबवला; हवाईत तो १९८५पर्यंत चालला. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत १९७७नंतरही काही काळ वापर सुरूच होता. कोस्टारिका, निकाराग्वा, होंडुरास येथील आणि फिलिपिन्समधील हजारो मजुरांनी आपल्याला वंध्यत्व आल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यांचे दावे अमेरिकेच्या न्यायालयांत पिढीभर रेंगाळत राहिले. ज्यांच्या वीर्यात शुक्राणू उरलेच नव्हते, त्यांपैकी बहुतेकांत ते पुन्हा दिसले नाहीत.

येथे थोडे सावधपणेही बोलले पाहिजे. प्राण्यांत दिसणारी प्रत्येक विकृती प्रदूषणामुळेच असते, असे नाही. फ्लोरिडातील पँथर या दुर्मीळ जंगली मांजरांत वृषणे पोटातच अडकून राहण्याचे प्रमाण फार होते. संशय रसायनांवरही घेतला गेला. पण संख्या अगदी घटल्यामुळे जवळच्या नात्यांत होणारी पैदास हे त्याचे मोठे कारण होते, आणि टेक्सासहून नव्या रक्ताच्या माद्या आणल्यावर स्थिती सुधारली. उलट, इंग्लंडमध्ये अंध व अपंगांच्या मदतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या पाच जातींच्या कुत्र्यांचा २६ वर्षांचा अभ्यास २०१६ साली नॉटिंगहॅम विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यात नीट पोहू शकणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कुत्र्यांच्या वीर्यात, वृषणांत आणि खाद्यातही प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने व जुन्या विद्युत उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी ही रसायने सापडली. कुत्रा माणसाच्याच घरात राहतो, त्याच फरशीवर लोळतो. तरीही घट आणि रसायन यांचे नाते येथे संशयाच्या पातळीवर आहे, डीबीसीपीसारखे सिद्ध नाही. कोणी भीती घालून महागडी औषधे विकू लागला, तर हा फरक ध्यानात असावा.

आपल्या देशाकडे येऊ. एंडोसल्फान हे कीटकनाशक आपल्या कापसावर आणि तुरीवर अनेक वर्षे मारले गेले. ते वाढत्या वयाच्या उंदरांना दिले असता शुक्राणूंची निर्मिती घटते, असे लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राने १९९७ साली प्रसिद्ध केले होते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात तेच औषध काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वीस वर्षांहून अधिक काळ फवारले जात होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील १० ते १९ वयाच्या ११७ मुलांची तुलना फवारणी न झालेल्या भागातील ९० मुलांशी केली. फवारणीच्या गावातील मुले उशिरा वयात येत होती. हा अभ्यास २००३ साली छापून आला. सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली ती १३ मे २०११ रोजी.

डीडीटीचा शेतीतील वापर भारताने १९८९ साली बंद केला. हिवतापाच्या फवारणीसाठी तो चालू राहिला, आणि ज्या सरकारी कंपनीत त्याचे उत्पादन होई तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे होता. भिंतीवर तारीख लिहून जाणारे मलेरियावाले आपल्या वाड्यावस्त्यांतील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. हिवतापाने मरणारी मुले त्या फवारणीने वाचली, हेही तितकेच खरे आहे. ते नाकारून चालणार नाही.

आता एका अगदी घरगुती वस्तूकडे लक्ष वेधतो. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पुष्कळ शेतकरी व मजूर निळा-हिरवा पाहून निर्धास्त होतात. हातमोजे राहोत, काठीऐवजी हातानेच औषध ढवळतात. हा रंग कशावरून ठरतो? प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास किती मात्रा लागते, त्यावरून. म्हणजे तो त्रिकोण तात्काळ मृत्यूचा धोका सांगतो. वृषणांचे काय होईल, गर्भातील मुलाचे काय होईल, याविषयी त्याच्या रंगात काहीच माहिती नसते. या मोजमापाने डीबीसीपीलाही लाल त्रिकोण मिळाला नसता, पिवळाच मिळाला असता.

ऊस आणि मक्यातील तण मारण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ॲट्राझीन निळ्या त्रिकोणाच्या वर्गात मोडते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी ४० नर बेडकांना पाण्याच्या एक अब्ज भागांत अडीच भाग इतक्या अल्प ॲट्राझीनमध्ये वाढवले. त्यांपैकी ४ नर मोठेपणी माद्या झाले, बहुतेकांची प्रजननक्षमता खालावली. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. उत्पादक कंपनी ते मान्य करत नाही, अमेरिकेच्या नियामक संस्थेनेही बेडकांवरील अशा परिणामाचा पुरावा पुरेसा नसल्याचे मत दिले होते, आणि वाद अद्याप चालू आहे. युरोपीय संघाने भूजलात ते वारंवार सापडते म्हणून या शतकाच्या प्रारंभीच त्याची परवानगी काढून घेतली. आपल्या उसाच्या पट्ट्यात ते पेरणीनंतर लगेच, ओल्या जमिनीवर फवारले जाते. बहुधा रोजंदारीवरच्या माणसाकडून, आणि बहुधा अनवाणी.